उत्तररंगाचे ऋण

कीर्तनाला बसणाऱ्या मंडळींत दोन प्रकार असतात. एक पूर्वरंगासाठी येणारे. दुसरे, पूर्वरंग संपेपर्यंत देवळाच्या खांबाला टेकून डुलकी घेणारे आणि बुवांच्या गळ्यात हार पडून आख्यान लागले की खडबडून जागे होणारे. मी लहानपणापासून दुसऱ्या प्रकारातला. पुढे मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वरंगात बुवा आपल्याकडून काही उसने घेत असतात. आपला वेळ घेतात, आपला विश्वास घेतात, ‘असे का?’ हा प्रश्न मनात पेरून ठेवतात. उत्तररंगात हे सारे उसने फेडावयाचे असते. ज्या बुवांना ते फेडता येत नाही, त्यांचा गळा कितीही गोड असो, परतताना श्रोते चपला शोधत शोधत दुसऱ्याच गोष्टी बोलू लागतात.

आमच्या नारायणगावात हाच न्याय दुसऱ्या मंडपाखाली चालतो. विठाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. गण, गवळण, बतावणी यांवर लोक शिट्ट्या वाजवतात, फेटे उडवतात. परंतु फडाची किंमत ठरते ती वगावर. पहाटेच्या गारठ्यात घोंगडी पांघरून जो प्रेक्षक बसून राहतो, तो वगाचा शेवट पाहण्यासाठी. त्याला फसवून चालत नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण, नुकतीच पाहिलेली एक परदेशी चित्रमालिका. म्हणजे तिचे दोन भागांत सांगितलेले एक कथानक. ‘स्टार ट्रेक’ हे नाव आमच्या पिढीला अगदीच अपरिचित नाही. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत अमेरिकेत दाखविल्या गेलेल्या त्या मूळ मालिकेचे एकूण ७९ भाग. त्यांत दोन भागांची जोडकथा एकच, ‘द मेनाजरी’. पहिला भाग १७ नोव्हेंबर १९६६ रोजी प्रक्षेपित झाला, दुसरा २४ नोव्हेंबरला. मधले सात दिवस प्रेक्षकांनी कसे काढले असतील, याची कल्पना ज्याने मासिकातील ‘क्रमशः’ या शब्दावर दात-ओठ खाल्ले आहेत, त्यालाच यावी.

पहिल्या भागाची मांडणी अशी. एंटरप्राइज या अंतराळयानाचा पूर्वीचा कप्तान पाईक हा एका अपघातात होरपळला आहे. प्रशिक्षणार्थी मुलांना किरणोत्सर्गातून ओढून काढताना त्याचे सारे शरीर निकामी झाले. आता तो एका यांत्रिक खुर्चीत खिळून आहे. बुद्धी शाबूत आहे, पण वाचा नाही, हात हलत नाही. खुर्चीवर एक दिवा आहे; तो एकदा लुकलुकला तर ‘होय’, दोनदा लुकलुकला तर ‘नाही’. एवढीच त्याची भाषा उरली आहे. त्याच्या हाताखाली अकरा वर्षे काम केलेला स्पॉक, ज्याच्या जातीला भावनेपेक्षा तर्क प्रिय, जो कधी खोटे बोलत नाही अशी ख्याती, तो खोटे निरोप रचतो, नव्या कप्तानाला, म्हणजे आपल्या मित्राला, कर्कला फसवितो, पाईकला पळवितो आणि यान टॅलॉस नावाच्या ग्रहाकडे वळवितो. त्या ग्रहाकडे जाणाऱ्यास मृत्युदंड आहे. कर्क आणि मेंडेझ नावाचे वरिष्ठ अधिकारी छोट्या यानातून पाठलाग करतात. त्यांचे इंधन संपते, तेव्हा स्पॉक त्यांना वाचवून यानावर घेतो आणि स्वतः होऊन अटक करून घेतो. खटला उभा राहतो. पुरावा म्हणून स्पॉक पडद्यावर तेरा वर्षांपूर्वीची हकीकत दाखवू लागतो. आणि मध्येच उघडकीस येते, की ही चित्रे त्या निषिद्ध ग्रहावरूनच येत आहेत! कर्कचे अधिकार काढून घेतले जातात. स्पॉक कळवळून विनवितो, की उरलेले पाहा. पाईकचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे. कर्क त्याला कोठडीत पाठवितो. भाग संपला.

ही कथा मी वर्गातील मुलांना दोन दिवसांत विभागून सांगितली. शनिवारी पूर्वार्ध, सोमवारी उत्तरार्ध. आमच्या मुलांना अंतराळकथा सांगणे त्या मानाने सोपे. खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या ती येता-जाता पाहतात. अशा ३० तबकड्या मिळून ती एक महाकाय रेडिओ दुर्बीण होते, काही तबकड्या एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत दूर आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून टॅलॉसवरून निघालेली मदतीची हाक पाईकच्या यानाला ऐकू यायला अठरा वर्षे लागली, असे म्हणताच एक मुलगा उत्तरला, “म्हणजे तो ग्रह अठरा प्रकाशवर्षांवर.” मला समजावून सांगावे लागले नाही. पण त्याच मुलाने शनिवारी शाळा सुटताना विचारले, “सर, तो खुर्चीतला कप्तान तर ‘नाही, नाही’ म्हणत होता. मग स्पॉकने त्याला नेला कशाला?”

या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे. कारण माझ्या मते सगळ्या उत्तरार्धाचे यशापयश या एका प्रश्नाच्या उत्तरावर तोलले पाहिजे.

आधी पडद्यावरच्या त्या हकीकतीची घडण पाहू. पडद्यावर तेरा वर्षांपूर्वीचा तरुण पाईक टॅलॉसवर उतरतो. तेथे अपघातातून वाचलेल्या शास्त्रज्ञांची छावणी दिसते, त्यांच्यात व्हीना नावाची सुंदर तरुणी. सारा भास! जमिनीखाली राहणाऱ्या, मोठ्या डोक्याच्या टॅलॉसवासीयांनी उभा केलेला. पाईक त्यांच्या पिंजऱ्यात अडकतो. त्याला कधी किल्ल्यापुढच्या लढाईत, कधी आपल्या गावच्या झाडाखाली, लाडक्या घोड्याशेजारी, कधी नर्तकीच्या मैफलीत ठेवून ते पाहत राहतात. एके काळी युद्धाने त्यांची पृथ्वी उजाड झाली, तेव्हा ते भूगर्भात गेले, मनाची शक्ती वाढविली आणि दुसऱ्यांच्या स्वप्नांवर जगण्याची चटक लागून बसले. इतकी, की पूर्वजांनी ठेवलेली यंत्रे दुरुस्त करण्याची विद्याही विसरले. आता त्यांना माणसांची जोडी हवी आहे, वंश वाढवून कामाला जुंपण्यासाठी. द्वेषाने पेटलेले मन त्यांना वाचता येत नाही, हे पाईकला उमगते आणि तो सुटतो. व्हीना मात्र त्याच्याबरोबर येत नाही. ती खरी आहे. पण तिचे रूप खरे नाही. छिन्नविच्छिन्न सापडलेल्या तिला त्यांनी जोडले ते माणूस कसा दिसतो हे न पाहताच. खऱ्या रूपात ती वृद्ध आणि वेडीवाकडी आहे.

‘मेनाजरी’ म्हणजे प्रदर्शनासाठी पिंजऱ्यांत ठेवलेले प्राणी. जुन्नरकरांना हे नाव परके वाटू नये. माणिकडोहच्या निवारा केंद्रात उसाच्या फडांतून, विहिरींतून सोडवून आणलेले बिबटे आहेत. त्यांतले काही पुन्हा रानात जगू शकत नाहीत म्हणून गजांआडच राहतात. त्यांच्या बाबतीत पिंजरा हा दयेचा की शिक्षेचा, हे ठरविणे सोपे नाही. व्हीनाचे तेच आहे. आणि तेरा वर्षांनी पाईकचेही तेच होते.

आता एक पडद्यामागची गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावाचून या उत्तरार्धाची तारीफही पुरी होत नाही आणि दोषही कळत नाहीत. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९६४ च्या अखेरीस ‘द केज’ नावाचा पहिला नमुना-भाग चित्रित केला होता. एन.बी.सी. या वाहिनीने तो नाकारला आणि दुसरा नमुना मागितला. नव्या नमुन्यात कप्तान बदलला, बहुतेक मंडळी बदलली. जुन्यांतले पात्र राहिले ते एकट्या स्पॉकचे, आणि त्याची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय. पुढे मालिका सुरू झाली, भाग वेळेवर पुरे होईनात, तेव्हा रॉडनबेरींनी तो नाकारलेला नमुना पेटीतून काढला, त्याच्याभोवती खटल्याची चौकट शिवली आणि एकाचे दोन भाग केले. नव्या चित्रणाचे दिग्दर्शन मार्क डॅनियल्स यांचे, जुन्याचे रॉबर्ट बटलर यांचे. तरुण पाईक म्हणजे जेफ्री हंटर. खुर्चीतला विद्रूप पाईक दुसराच नट, शॉन केनी. आपल्याकडे आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, तसा हा प्रकार. गोधडीला कोणी कमी लेखू नये. या जोडकथेला १९६७ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पण गोधडीचे टाके दिसतात, हे खरे. उत्तरार्धात न्यायाधीश, आरोपी, सारेच बराच वेळ पडद्याकडे बघत बसतात. आपण घरी बसून पाहणाऱ्यांना पाहतो. उत्कंठेच्या दृष्टीने हा भाग सैल आहे. पाईक पिंजऱ्यातून सुटणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. सुटला म्हणूनच तर तो पुढे खुर्चीत बसलेला दिसला. जी उत्कंठा उरते ती एवढीच, की हे सारे स्पॉक का दाखवीत आहे?

याहून मोठा आक्षेप शेवटाला येतो. खटला चालू असता मेंडेझ पाहता पाहता नाहीसे होतात. ते तेथे कधी नव्हतेच! छोट्या यानात कर्कच्या शेजारी बसले होते तेव्हापासून ते टॅलॉसवाल्यांचा भास होते. यानाचा ताबा परत मिळविण्याकडे कर्कचे लक्ष जाऊ नये म्हणून खटल्याचे हे नाटक. आणि ज्या मृत्युदंडाच्या भयावर आठवडाभर प्रेक्षकांना टांगले, तो खऱ्या मेंडेझच्या एका संदेशाने रद्द होतो. पाईकच्या सेवेचा विचार करून या वेळेपुरता नियम स्थगित! नारायणगावच्या प्रेक्षकाने अशा वेळी घोंगडी झटकली असती. शेवटी ‘ते सारे स्वप्न होते’ असे सांगणारा लेखक मला कधीच आवडला नाही. स्वतः कादंबऱ्या लिहिताना अशा पळवाटा मीही शोधल्या आहेत, त्यामुळे त्या चटकन ओळखू येतात. पूर्वार्ध लिहिणे म्हणजे गाठी मारणे. ते कोणालाही जमते. उत्तरार्धात त्या नखाने सोडवाव्या लागतात. कात्री चालवली की गाठ सुटते खरी, पण दोराही तुटतो.

येथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. दुसऱ्यांदा पाहताना मला वाटले, की कात्री वाटते तेवढी सर्रास चाललेली नाही. राजा हरिश्चंद्राने राज्य दिले ते स्वप्नात, अशी आपल्याकडची लोकप्रिय कथा. दान स्वप्नातले होते म्हणून डोंबाघरचे पाणी भरणे खोटे ठरत नाही. तसेच येथे आहे. मेंडेझ खोटे होते. पण त्यांच्यासमोर कर्कने आपल्याच जिवलग मित्राविरुद्ध ‘दोषी’ असा कौल दिला, तो खरा होता. पाईकच्या दिव्यानेही तोच कौल दिला. न्यायालय मायेचे होते, माणसांची कसोटी मायेची नव्हती. पूर्वार्धात लेखकाने जे उसने घेतले होते, त्यातला मोठा हिस्सा या जागी फिटतो.

आणि उरलेला हिस्सा फिटतो तो एका अगदी लहान जागी. सगळा उलगडा झाल्यावर कर्क पाईकच्या खुर्चीजवळ जातो आणि त्याला विचारतो, की स्पॉकची जी इच्छा आहे, तीच तुझी आहे का? तुला तेथे जावयाचे आहे का? दिवा एकदा लुकलुकतो.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आठवा. पूर्वार्धात तोच दिवा ‘नाही, नाही’ म्हणत होता. मग हे ‘होय’ आले कोठून? लेखक कोठेही खुलासा करीत नाही. माझे मत असे, की पूर्वार्धातले ‘नाही’ हे टॅलॉसला नव्हते. ते स्पॉकला होते. माझ्यासाठी तू फासावर जाऊ नकोस, असे तो ज्या एका भाषेत सांगू शकत होता, त्या भाषेत सांगत होता. स्पॉकला त्या ‘नाही’मागचे प्रेम कळले असेल, पण दोन शब्दांच्या भाषेत अडकलेल्या माणसाला नेमका प्रश्न कोणता विचारावा, हे त्याला सुचले नाही. तर्काने वागणाऱ्या स्पॉकने एवढे बंड केले, स्वतःचा जीव पणाला लावला, आणि सोपा प्रश्न मात्र कर्कसाठी राहून गेला. म्हणून माझ्या लेखी या कथेचा उत्कर्षबिंदू मेंडेझचे अदृश्य होणे हा नव्हे. तो कर्कचा प्रश्न आहे.

यानंतर शेवटचे दृश्य. पडद्यावर पाईक पुन्हा तरुण, धडधाकट, सुंदर व्हीनाच्या हातात हात घालून जाताना दिसतो. यातली मौज जाणकारांनी पाहावी. हे चित्रण जुन्या ‘केज’मधलेच आहे. तेथे त्याचा अर्थ वेगळा होता. खरा पाईक आपल्या यानात परतला आणि एकटी राहिलेल्या व्हीनाच्या सोबतीला टॅलॉसवाल्यांनी त्याचा नुसता भास दिला. ‘मेनाजरी’त तीच फीत, तीच पावले; पण आता तो पाईक खरा आहे. रूप खोटे, माणूस खरा. दोन मोडलेली माणसे एकमेकांना धडधाकट दिसत आहेत आणि सोबत मात्र भासाची नाही. एक इंचही नवे चित्रण न करता खोट्याचे खरे केले! काटकसरीतून निघालेली इतकी सुंदर कला मी क्वचितच पाहिली आहे.

तरीही एक प्रश्न राहतोच. भासात जगणे हे जगणे का? कथेने स्वतःच टॅलॉसवासीयांची दशा दाखवून त्याला ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. मग पाईकला तेथे सोडून देताना ती आपल्याच निरूपणाला छेद देत नाही काय?

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ‘देते’ असे म्हणालो होतो. त्याचे कारण घरचे आहे. आमचे मूळ गाव आंबेगाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. माझे वडील शेवटची दोन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होते. वाचा गेली होती. उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलत असे. एकदा हलले तर होय, दोनदा हलले तर नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई त्यांच्या उशाशी बसायची आणि विचारायची, “अहो, घाटावर जाऊन यायचं का?” बोट एकदा हले. मग ती त्यांना गल्लीतून न्यायची. कोणाचा ओटा, कोणाची गोठ्यातली गाय, देवळाचा कोपरा, उतार, मग घोड नदीचे पाणी पायाला लागले, असे सांगत सांगत. मला राग येई. जे गाव पाण्याखाली आहे, त्याच्या गल्ल्या या माणसापुढे का मांडावयाच्या? एकदा मी तिला तसे बोललोही. ती म्हणाली, “मी विचारते ना आधी.”

काही संध्याकाळी बोट दोनदा हलत असे. तेव्हा ती गप्प बसून त्यांचे पाय चेपायची. हे मी पाहत होतो, पण मोजीत नव्हतो. आम्ही मुलांनी त्यांची खाट कोणत्या खोलीत ठेवायची, कोणता डॉक्टर आणायचा, जमिनीच्या कागदांचे काय करायचे, हे सारे त्यांच्या भल्यासाठी ठरविले. स्पॉकसारखेच. बोटाकडे पाहिले नाही.

टॅलॉसवासी आणि माझी आई या दोघांतला फरक मला या उत्तरार्धाने दाखविला. त्यांनी तरुण पाईकला न विचारता किल्ले, बागा, मैफली दिल्या; तो पिंजरा झाला. तेरा वर्षांनी कोणीतरी विचारले आणि त्याने होकार दिला. तेच ठिकाण घर झाले. कथा आपल्या निरूपणाला छेद देत नाही. ती ते पुरे करते. माया वाईट की चांगली, या वादात ती शिरतच नाही. दार आतून उघडते की बाहेरून, एवढेच ती पाहते.

सोमवारी कथा संपवून मी त्या मुलाला विचारले, आता पटले का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पण सर, हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर?” बरोबर आहे. मग दुसरा भाग लागलाच नसता. कथेला उत्तररंग हवा म्हणून तो प्रश्न तिला शेवटापर्यंत राखून ठेवावा लागतो. घरात तसे करण्याची गरज नसते.